मेंदूतल्या फुगवट्याचं माप आणि घडण

चक्कर येते, कानात आवाज येतो किंवा मान दुखत राहते म्हणून एमआरआय काढला जातो. ज्यासाठी काढला ते काहीच सापडत नाही, पण रिपोर्टात खाली एक ओळ असते: अँटीरिअर कम्युनिकेटिंग धमनीवर ५ मिमीचा सॅक्युलर ॲन्युरिझम, म्हणजे मेंदूतल्या एका धमनीच्या भिंतीला आलेला पिशवीसारखा फुगवटा. त्या रात्रीपासून घरात तो एकच आकडा घोळत राहतो. पाच म्हणजे जास्त की कमी? कुणीतरी सांगतं, आमच्या ओळखीच्या काकांना आठचा होता, त्यांना दहा वर्षांत काही झालं नाही. दुसरं कुणी सांगतं, अमक्याच्या वहिनीला चारचाच होता आणि नस फुटली.

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मराठीत 'आकार' म्हटलं की माप आणि घडण दोन्ही एकाच शब्दात येतात, आणि गफलत तिथेच सुरू होते. ५ मिमी हे माप झालं. तो फुगवटा गोल आहे की लांबुडका, तोंड रुंद आहे की अरुंद, अंगावर आणखी एखादा फोड उठलाय का, ही त्याची घडण. फुटण्याचा धोका या दोन्हींवर ठरतो, आणि घडण तयार होते ती बरीचशी रक्ताच्या वाहण्यातून. म्हणून या लेखात माप आणि घडण हे शब्द जाणूनबुजून वेगळे ठेवले आहेत.

आधी भीतीचं प्रमाण पाहू. जगभरातल्या अभ्यासांची सरासरी धरली तर दर १०० प्रौढांमागे साधारण ३ जणांच्या मेंदूत असा न फुटलेला फुगवटा असतो. कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या मंगल कार्यालयात ५०० मोठी माणसं जेवायला आली असतील तर त्यांत असे पंधराएक जण निघतील. बहुतेकांना ते कधी कळत नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. जपानमध्ये ५,७२० रुग्णांचे ३ मिमी किंवा त्याहून मोठे असे ६,६९७ फुगवटे पाळतीवर ठेवणारा मोठा अभ्यास झाला. २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात फुटण्याचं प्रमाण वर्षाला ०.९५ टक्के निघालं, म्हणजे शंभरात एकाच्या आसपास. पण ही सरासरी आहे. तिच्या पोटात जवळजवळ कधीच न फुटणारे आणि अगदी काठावर उभे असलेले, असे दोन्ही दडलेले असतात. आणि फुटलाच तर प्रकरण गंभीर असतं: अशा रुग्णांपैकी एक-तृतीयांश किंवा त्याहून जास्त दगावतात. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे काही ना काही अडचण राहते.

फाडतो कोण?

वाहत्या रक्ताचे धमनीच्या भिंतीवर दोन वेगळे परिणाम होतात. एक दाब. तो भिंतीला आतून बाहेर ढकलतो, सायकलच्या ट्यूबमधली हवा ढकलते तसा. दुसरं घासणं. रक्त भिंतीला समांतर सरकताना तिला आपल्यासोबत ओढत जातं, तळहातावरून कापड ओढावं तसं. या घासण्याला 'वॉल शिअर स्ट्रेस' म्हणतात. आपण नुसतं शिअर म्हणू.

दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले की पहिला धक्का बसतो. वरचा रक्तदाब १२० असेल तर दाब मोजायच्या पास्कल या एककात तो १६,००० होतो. निरोगी धमनीतला शिअर साधारण दीड ते दोन पास्कल. म्हणजे घासणं हे दाबाच्या आठ-दहा हजारांश भागाइतकं. पुढे पाहा. गोल फुगवट्याच्या भिंतीतला ताण काढायचा तर दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. ६ मिमी व्यासाचा फुगवटा, म्हणजे त्रिज्या ३ मिमी, भिंत ०.२ मिमी जाड, दाब १२०. ताण येतो १,२०,००० पास्कल. भिंत झिजून ०.१ मिमी झाली तर तोच ताण २,४०,०००. भिंत ०.२ मिमीचीच पण दाब १६० झाला तर १,६०,०००. या हिशोबात शिअरचे दोन पास्कल कुठेच दिसत नाहीत.

मग रक्ताची धार भिंतीवर आदळते, तिचा मार? तोही काढून बघू. ताशी सव्वादोन किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६० सेंटिमीटर वेगाने आलेली धार समोरच्या भिंतीवर पूर्ण थांबली तर जास्तीचा दाब भरतो जेमतेम १.४ मिमी पारा. वेग सेकंदाला एक मीटर धरला तरी ४ मिमी. सकाळची बीपीची गोळी राहिली तर याच्या कितीतरी पट फरक पडतो. 'धार मारून मारून नस फाटते' हे चित्र डोळ्यांसमोर सहज येतं, पण चुकीचं आहे.

फाडतो तो दाब. मग प्रवाहाचा एवढा अभ्यास कशाला? तर प्रवाह भिंतीला सांगावा देत असतो. धमनीच्या आतल्या बाजूला एंडोथेलियम नावाचा पेशींचा एकेरी थर असतो आणि या पेशींना घासणं कळतं. एकाच दिशेने, दीड पास्कलच्या वर घासणारं रक्त वाहत असेल तर त्या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन शिस्तीत बसतात, नायट्रिक ऑक्साइड सोडतात, भिंत निरोगी ठेवतात. घासणं ०.४ पास्कलच्या खाली गेलं किंवा ठोक्यागणिक दिशा बदलत राहिलं, की त्याच पेशी विस्कटतात, चिकट होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना भिंतीत शिरायला वाट देतात. तिथे सूज येते, आणि सूज आलेली भिंत स्वतःचंच कोलॅजन, म्हणजे तिला बळ देणारे धागे, खाऊ लागते. दोन पास्कलची ताकद भिंत फाडण्याची नाही, पण तिच्यातल्या कारागिरांना 'बांधा' किंवा 'मोडा' सांगण्याइतकी नक्की आहे.

पुणेकरांना याचं एक उदाहरण डोळ्यांसमोर आणता येईल. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजव्या कालव्याचा भराव जनता वसाहतीजवळ खचला आणि दांडेकर पुलाच्या परिसरात पाणी घुसलं. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याचं कारण तेव्हा पुढे आलं, त्यावर शहरात यथेच्छ थट्टाही झाली. ते कारण खरं की सोयीचं हा वाद बाजूला ठेवू. आपल्या कामाचं एवढंच की पोखरलं जाणं आणि फुटणं या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि वेळही वेगळी. धमनीत पोखरण्याचं काम प्रवाहाच्या सांगाव्याने वर्षानुवर्षं चालतं. फुटण्याचं काम दाब एका क्षणात करतो.

जागा ठरलेल्या का असतात

मेंदूच्या धमन्या मुळातच हातापायांच्या धमन्यांपेक्षा लेच्यापेच्या. बाहेरचा लवचीक पडदा त्यांना नसतो, मधला स्नायूंचा थर पातळ, आणि भोवती आधाराला मांस नसून पाण्यासारखा द्रव. त्यात मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं, विलिसचं वर्तुळ. बहुतेक फुगवटे या कड्यावर किंवा त्याच्या जवळच्या फाट्यांवर येतात.

फाटा म्हणजे जिथे एका धमनीच्या दोन होतात ती जागा. नदीच्या मध्यावर पुलाचा खांब असावा तशी त्या दुबेळक्याची कड प्रवाहाला सामोरी असते. तिथे धार येऊन दुभंगते, आणि दुभंगल्यावर लगेच वेग घेते. त्या लहानशा पट्ट्यात शिअर सर्वसाधारणपेक्षा कितीतरी जास्त होतो आणि मिलिमीटरभरात झपाट्याने बदलतो. अशा जागी आतला लवचीक पडदा विरतो आणि खालचा स्नायूंचा थर पातळ होतो. सशांवरच्या प्रयोगांत मानेतल्या दोन्ही कॅरोटिड धमन्या बांधून सगळं रक्त मागच्या बॅसिलर धमनीतून जायला लावलं, तेव्हा काही दिवसांतच तिच्या टोकाला नेमका असा बिघाड सुरू झालेला दिसला. तिथे जन्मजात दोष काही नव्हता. फक्त प्रवाह वाढवला होता.

विलिसचं कडं पुस्तकात सममित दिसतं, प्रत्यक्षात अनेकांचं तसं नसतं. पुढच्या भागाला रक्त नेणाऱ्या डाव्या-उजव्या दोन धमन्यांपैकी एक बारीक असेल तर दुसरीला दोघींचं काम करावं लागतं, आणि तिची धार अँटीरिअर कम्युनिकेटिंगच्या फाट्यावर जोरात जाऊन पडते. या जागी फुगवटे जास्त का सापडतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. रिपोर्टात 'ए-वन हायपोप्लास्टिक', म्हणजे यांतली एक धमनी बारीक, असं दिसलं तर ती भरतीची ओळ समजू नये.

वाटी आणि चंबू

एकदा फुगवटा तयार झाला की पुढची गोष्ट त्याच्या घडणीवर चालते. स्वयंपाकघरात जाऊन साबण लावलेली वाटी नळाखाली धरा. एका धारेत साफ. आता अरुंद गळ्याचा चंबू धरा. तोंडाशी पाणी जोरात फिरतं, पण तळाशी साबणाचं पाणी बराच वेळ तसंच घुटमळतं. फुगवट्यात अगदी हेच होतं. रुंद तोंडाच्या उथळ फुगवट्यात रक्त येतं, एक गोल वळसा घेतं आणि निघून जातं. अरुंद तोंडाच्या खोल फुगवट्यात पहिल्या भोवऱ्याच्या पलीकडे दुसरा, मंद भोवरा तयार होतो, आणि घुमटाच्या टोकाशी रक्त जवळपास साचून राहतं. तिथला शिअर ०.४ पास्कलच्याही खाली जातो. मुळा-मुठेत जलपर्णी कुठे माजते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना संथ पाण्याचं हे प्रकरण वेगळं समजवायला नको.

या खोलीचं माप म्हणजे 'आस्पेक्ट रेशो': फुगवट्याची उंची भागिले तोंडाची, म्हणजे नेकची, रुंदी. उंची ४, नेक ४, तर गुणोत्तर १. ती वाटी. उंची ५, नेक ३, तर १.६७. हा चंबूकडे झुकलेला. जपानी शल्यचिकित्सकांनी १९९०च्या दशकाअखेरीस हे गुणोत्तर मांडलं, तेव्हा फुटलेले फुगवटे बहुतेक १.६च्या वर आणि न फुटलेले खाली, असं दिसलं होतं. नंतरच्या अभ्यासांत ही रेषा थोडी वरखाली सरकली, पण दिशा तीच राहिली. १.६ ला लक्ष्मणरेषा समजू नका. १.५ असलेला सुरक्षित आणि १.७ असलेला संपला, असं काही नसतं.

दुसरं गुणोत्तर माझ्या मते सामान्य वाचकाला जास्त उपयोगी आहे, कारण सुरुवातीचं कोडं तेच सोडवतं. 'साइज रेशो': फुगवट्याची उंची भागिले ज्या धमनीवर तो आहे तिचा व्यास. ओळखीच्या काकांचा ८ मिमीचा फुगवटा साडेचार मिमीच्या इंटर्नल कॅरोटिडवर असेल, तर गुणोत्तर १.८. वहिनींचा ४ मिमीचा दीड मिमीच्या बारीक धमनीवर असेल, तर २.७. मिलिमीटरमध्ये काका मोठे, पण स्वतःच्या धमनीच्या तुलनेत वहिनींचा फुगवटा कितीतरी मोठा. साधारण दोनच्या वर गेलं की आतला प्रवाह गुंतागुंतीचा होतो, भोवरे वाढतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. बारीक धमनीची भिंतही मुळात बारीकच, हे त्यात धरा. म्हणून '७ मिमीच्या आत काळजी नाही' हा नियम जागा न विचारता वापरणं धोक्याचं.

मात्र सगळेच फुगवटे मंद प्रवाहाने पोखरले जात नाहीत. काहींमध्ये बारीक, एकवटलेली धार आत शिरते आणि भिंतीच्या एका लहान जागेवर सतत पडते. तिथे शिअर जास्त असतो आणि सूज फारशी न येताच भिंतीतल्या स्नायुपेशी मरत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली ऑपरेशन करताना हे दोन प्रकार पाहताक्षणी कळतात. एक भिंत इतकी पातळ आणि लालसर की आत फिरणारं रक्त दिसतं. दुसरी जाड, पिवळट-पांढरी, चरबी बसलेली. एकाच फुगवट्यावर शेजारी-शेजारी दोन्ही सापडतात. जास्त शिअर वाईट की कमी, यावर बरीच वर्षं वाद झाला. आज सर्वात पटणारं उत्तर असं की दोन्ही वाटा आहेत, एक लहान पातळ फुगवट्यांची आणि एक मोठ्या, जाड, सुजलेल्यांची.

आता तो फोड. मुख्य फुगवट्याच्या अंगावर आलेल्या लहान फुगवट्याला ब्लेब किंवा डॉटर सॅक म्हणतात. जपानच्या त्याच अभ्यासात ब्लेब असलेल्यांना फुटण्याचा धोका सुमारे १.६ पट निघाला. यात एक गंमत आहे. वरचं सूत्र लावलं तर लहान त्रिज्येच्या ब्लेबमध्ये ताण कमी यायला हवा, कारण सूत्रात त्रिज्येने गुणायचं असतं. मग धोका का वाढतो? कारण ब्लेब हा पुरावा आहे: त्या जागी भिंत आधीच हरलेली आहे, म्हणून तर ती तिथेच बाहेर आली. त्रिज्या अर्धी झाली पण जाडी एक-चतुर्थांश, तर ताण दुप्पट. स्कॅनमध्ये त्रिज्या दिसते, जाडी दिसत नाही. एक-दशांश मिलिमीटरची भिंत मोजू शकेल असं यंत्र दवाखान्यात नाही. घडणीला एवढं महत्त्व यासाठी, की न दिसणाऱ्या जाडीबद्दल ती चार गोष्टी सांगून जाते.

गुणांचा तक्ता आणि त्यातल्या रिकाम्या जागा

डॉक्टर बऱ्याचदा 'फेजेस' नावाचा स्कोअर काढतात. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. समजा ६२ वर्षांच्या बाई, बीपी आहे, आधी कधी रक्तस्राव नाही, अँटीरिअर कम्युनिकेटिंगवर ७.५ मिमीचा फुगवटा. बीपीचा १, वय ७० च्या आत म्हणून ०, मापाचे ३, जागेचे ४, पूर्वीच्या रक्तस्रावाचा ०. एकूण ८. तक्त्यानुसार पाच वर्षांत फुटण्याची शक्यता ३.२ टक्के. तोच फुगवटा त्याच मापाचा पण इंटर्नल कॅरोटिडवर असता तर जागेचे गुण शून्य, एकूण ४, आणि शक्यता ०.९ टक्के. फक्त जागा बदलली.

या तक्त्यात दोन गोष्टी नाहीत. एक म्हणजे भारतीय माणूस: लोकसंख्येच्या रकान्यात उत्तर अमेरिका-युरोप, जपान आणि फिनलंड एवढेच आहेत, आपल्याकडे नाइलाजाने पहिला रकाना वापरला जातो. दुसरी म्हणजे घडण आणि प्रवाह. ब्लेब, आस्पेक्ट रेशो, काहीच नाही. फुगवटा वाढेल का याचा अंदाज देणारा 'एलाप्स' हा दुसरा तक्ता आहे, त्यात वेड्यावाकड्या घडणीला गुण आहेत. सिगारेट मात्र दोन्हींत नाही, जरी ती फुगवटा होण्याचं आणि फुटण्याचं पक्कं कारण आहे. तेव्हा आकडा घरी काढून त्यावर झोप उडवू नये, किंवा लावूही नये.

संगणकावरचं रक्त

प्रत्येक रुग्णाच्या फुगवट्यात रक्त नेमकं कसं फिरतं हे संगणकावर काढता येतं. पद्धत तीच, जिने पिंपरी-चाकणच्या वाहन कारखान्यांत इंजिनातल्या हवेच्या वाटा आणि रेडिएटर तपासतात: कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स, थोडक्यात सीएफडी. पुण्यात हे सॉफ्टवेअर चालवू शकणारे इंजिनीअर गल्लोगल्ली आहेत, आणि म्हणूनच त्याचे रंगीत नकाशे पाहून हुरळून जाण्याचा धोकाही इथे जरा जास्त.

पायऱ्या अशा. थ्रीडी अँजिओग्राफी किंवा सीटी अँजिओच्या प्रतिमांतून धमनीची आतली कड वेगळी काढायची. तिचा पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. आतली जागा लाखो बारीक घनांत विभागायची, भिंतीजवळ आणखी बारीक, कारण शिअर तिथेच मोजायचा असतो. रक्ताची घनता सुमारे १,०६० किलो प्रति घनमीटर, चिकटपणा ०.००३५ पास्कल-सेकंद धरायचा. आत येणाऱ्या रक्ताची ठोक्यागणिक वरखाली होणारी लाट द्यायची. दोन-तीन ठोके सोडवायचे, पहिला टाकून द्यायचा, आणि शेवटच्या ठोक्यावरून शिअर आणि त्याची दिशा किती डुलते याचा निर्देशांक काढायचा. तो ० ते ०.५ असतो, ०.५ म्हणजे रक्त नुसतं मागेपुढे होतंय, पुढे जात नाही.

चुका कुठे होतात? पहिल्याच पायरीत. नळीत शिअर त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. धमनी खरी असते त्याहून १० टक्के बारीक कापली गेली तर शिअर ३७ टक्के जास्त दाखवला जातो. सीटीचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. २ मिमीच्या धमनीत एका ठिपक्याची चूक म्हणजे सगळा निकालच बदलला. गुळगुळीत करताना लहानसा ब्लेबही पुसला जाऊ शकतो. दुसरी चूक प्रवाहाची: त्या माणसाचा खरा प्रवाह मोजलेला नसतो, पुस्तकातला सरासरी आकडा टाकलेला असतो. तिसरी, भिंत कडक आणि सगळीकडे सारख्या जाडीची धरलेली असते.

याहून खोल अडचण अभ्यासाच्या रचनेत आहे. बहुतेक अभ्यास फुटलेले आणि न फुटलेले फुगवटे शेजारी ठेवून तुलना करतात. पण फुटलेल्याचा स्कॅन फुटल्यानंतरचा असतो. फुटताना घडण बदलते, आजूबाजूच्या धमन्या आकसतात, शेजारच्या गुठळीने दाबून रेषा वाकड्या होतात. वेडीवाकडी घडण फुटण्याआधीची की नंतरची, हे अशा तुलनेतून पूर्ण कळत नाही. म्हणून सीएफडीचा नकाशा आज संशोधनात आणि ऑपरेशनच्या आखणीत कामाला येतो, पण 'शिअर एवढा, तेव्हा ऑपरेशन करा' असा निकष कुठल्याही सर्वमान्य मार्गदर्शक तत्त्वांत नाही. असा रंगीत नकाशा दाखवून घाईने निर्णय घ्यायला लावत असतील, तर दुसरं मत जरूर घ्यावं.

रिपोर्ट हातात आल्यावर

रेडिओलॉजिस्टकडे या गोष्टी मागाव्यात: उंची आणि रुंदी दोन्ही, नेकची रुंदी, ज्या धमनीवर आहे तिचा व्यास, ब्लेब आहे की नाही याचा स्पष्ट उल्लेख, आणि फाट्यावर आहे की बाजूच्या भिंतीवर. '५ मिमी ॲन्युरिझम' एवढंच लिहिलेला रिपोर्ट अर्धा आहे.

फिल्म जपून ठेवता, तशी सीडी किंवा पेन ड्राइव्हवरच्या मूळ प्रतिमाही ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्यांच्यावरून होते. फिल्मवरून अर्ध्या मिलिमीटरची वाढ कोणालाही सांगता येणार नाही.

पुन्हा तपासणी साधारण सहा महिने ते वर्षाने, मग स्थिर असेल तर वर्षा-दोन वर्षांनी. शक्यतो त्याच प्रकारच्या यंत्रावर, त्याच पद्धतीने. यामागे प्रवाहाशीच जोडलेलं कारण आहे. कॉन्ट्रास्टशिवायच्या एमआर अँजिओत धमनी उजळ दिसते ती नव्याने वाहून येणाऱ्या रक्तामुळे. घुमटाच्या टोकाशी घुटमळणाऱ्या रक्ताचा उजेड मंदावतो, आणि फुगवटा खरा असतो त्याहून लहान दिसतो. पहिला स्कॅन एमआर आणि दुसरा सीटी असला, तर काहीच न वाढता रिपोर्टात वाढ झालेली दिसेल. १ मिमीच्या आतला फरक बहुतेक वेळा मोजण्यातला असतो. १ मिमी किंवा त्याहून जास्त खरी वाढ, किंवा नवा ब्लेब, म्हणजे भिंत अजून हरते आहे. हे कळलं की थांबण्याचं गणित बदलतं आणि न्यूरोसर्जनशी उपचारांचं बोलणं लगेच व्हायला हवं.

बीपी रोज एकाच वेळी, पाच मिनिटं बसून, घरच्या यंत्रावर मोजून वहीत लिहावं. सिगारेट-विडी पूर्ण बंद. 'दिवसाला दोनच' हे चालत नाही. आई-वडील, भावंडं आणि मुलं यांपैकी दोघांना हा आजार झालेला असेल, किंवा घरात पॉलिसिस्टिक किडनीचा आनुवंशिक आजार असेल, तर बाकीच्यांनी तपासणीबद्दल विचारावं. एकालाच असेल तर सगळ्या खानदानाचे एमआरआय काढत बसायची गरज सहसा नसते.

उपचार तीन प्रकारचे, आणि तिन्ही मुळात प्रवाहाची दुरुस्ती आहेत. क्लिपिंगमध्ये कवटी उघडून नेकवर टायटॅनियमचा चिमटा बसवतात, चंबूचं तोंडच बंद. कॉइलिंगमध्ये मांडीतून किंवा मनगटातून नळी नेऊन प्लॅटिनमची बारीक तार आत गुंडाळतात. तार फुगवट्याची जेमतेम २० ते २५ टक्के जागा भरते. उरलेल्या जागेत थांबलेलं रक्त गोठतं. नेक ४ मिमी किंवा जास्त रुंद असेल आणि धार थेट तोंडावर येत असेल, जसं बॅसिलरच्या टोकाला होतं, तर तार दाबली जाऊन पुन्हा पोकळी होऊ शकते. म्हणून कॉइलिंगनंतरही तपासण्या चुकवायच्या नसतात. तिसरा फ्लो डायव्हर्टर: फुगवट्याला हात न लावता धमनीत बारीक विणीची जाळी ठेवायची. जाळीच्या तारांनी तोंडाचा ३० ते ३५ टक्के भाग झाकला जातो, तेवढ्याने आतला प्रवाह मंदावतो, काही महिन्यांत फुगवटा गोठून बंद होतो आणि जाळीवर नवा एंडोथेलियम चढतो. इथे मंद प्रवाह आपल्या बाजूने वापरलेला असतो. याची किंमत म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने न चुकता घ्याव्या लागतात, त्यामुळे नुकत्याच फुटलेल्या फुगवट्याला हा उपाय सहसा पहिला नसतो.

शेवटी दोन खुणा, ज्यांत पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नसते. अचानक एक पापणी खाली पडली, त्या डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसू लागली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर पोस्टीरिअर कम्युनिकेटिंगवरचा फुगवटा वाढून शेजारच्या मज्जातंतूवर दाबत असू शकतो. दुसरी, सेकंदभरात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. सोबत उलटी, मान ताठ, क्षणभर शुद्ध जाणं. ॲस्पिरिन देऊ नका, झोपून बरं वाटेल म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा न्यूरोसर्जन आणि अँजिओग्राफीची कॅथलॅब दोन्ही असलेल्या दवाखान्यात थेट न्या. डोकेदुखी सुरू झाली ती वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवा: पहिल्या ६ तासांत काढलेल्या सीटीत रक्त जवळपास नक्की दिसतं, त्यानंतर सीटी स्वच्छ आला तरी पाठीतलं पाणी तपासावं लागू शकतं. आणि फुटलेला फुगवटा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वात जास्त असतो.